सॉसेज रोल फसतोय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती आपल्या हाताच्या सवयीतच आहे. खिमा म्हटलं की आपण कांदा, आलं-लसूण टाकून तो कोरडा होईपर्यंत परततो आणि मगच भरतो. खिमा पॅटिसला हे एकदम बरोबर, इराणी बेकरीतलं पॅटिस असंच असतं. पण इंग्लंडमधल्या सॉसेज रोलमध्ये, म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यांच्या पफ पिठात खिमा गुंडाळून भाजलेल्या रोलमध्ये, मांस कच्चंच भरतात. कच्च्या खिम्यात मीठ घालून दोन-तीन मिनिटं चांगलं मळलं की तो चिकट होतो, भाजताना एकसंध घट्ट बसतो आणि त्याचा रस आतल्या पापुद्र्यात मुरतो, खरी चव तिथेच असते. परतलेला खिमा भरलात तर पहिल्या घासाला सगळा भुगा मांडीवर.

आता कच्चं म्हणजे कुठलंही कच्चं नाही. चिकन ब्रेस्टचा खिमा घेऊन 'हेल्दी' करायला गेलात तर रोल खडखडीत होणार, कारण त्यात चरबीच नसते. पोर्क खाणाऱ्यांनी थोडी चरबी असलेलं घ्या, नाहीतर चिकनचं लेग पीसचं मांस किंवा चरबी ठेवून काढलेला मटण खिमा घ्या. अर्ध्या किलोला साधारण 50 ग्रॅम ब्रेडचा चुरा घालायचाच, तो चुरा सुटलेली चरबी धरून ठेवतो, नाहीतर ती खाली ट्रेमध्ये जाते आणि रोल तळातून तळला जातो. कांदा घालायचा असेल तर बारीक चिरून, मीठ लावून, पिळून घाला. मसाल्यात सेज (उग्र वासाचा एक पाला), मिरी, जायफळ एवढंच असतं, सेज नसेल तर ओवा चालतो पण जपून. गरम मसाला घातलात तर घाला बापडे, मग ते वेगळं काहीतरी झालं, वाईट नाही होत.

पाकिटातले तयार चिकन सॉसेज गुंडाळायचे असतील तर ते जर्मनीत करतात तसं होतं, आधीच शिजलेला सॉसेज पिठात लपेटून. चांगलं लागतं. फक्त लक्षात ठेवा की सॉसेज ओला असेल तर पीठ त्याला चिकटत नाही, फुगतं आणि मधे पोकळी राहते, म्हणून टिश्यूने कोरडा पुसून घ्या आणि पट्टी घट्ट गुंडाळा.

पफ. इथे सगळे अडकतात. पापुद्रे फुगतात ते वाफेमुळे, म्हणजे पीठ आणि बटर यातलं पाणी गरम झालं की वाफ होऊन थर उचलते, आणि त्यासाठी बटर ओव्हनमध्ये जाईपर्यंत थरांमध्ये घट्ट राहायला हवं. मे महिन्यात मुंबईच्या किचनमध्ये ते पाच मिनिटांत मऊ पडतं, मग थर एकमेकांत मिसळतात आणि पफऐवजी तेलकट बिस्किट हाती येतं. आपल्या बेकऱ्या खारी-पॅटिसला बटर सोडून मार्गारिन वापरतात त्याचं एक कारण हेच, ते उशिरा वितळतं. घरी उपाय म्हणजे रोल गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग धारदार सुरीने एका फटक्यात कापा, करवतीसारखं घासू नका. वरून अंडं लावाल ते फक्त वर, कापलेल्या कडांना लागलं तर थर तिथेच चिकटतात आणि फुगत नाहीत.

ओव्हन 200 डिग्रीला आधी नीट तापू द्या, ओटीजी (घरगुती छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) असेल तर पंधरा-वीस मिनिटं, खालचा रॉड चालू ठेवून. थंड ओव्हनमध्ये बटर आधी वितळतं आणि वाफ नंतर होते, उलटा क्रम. जोड खालच्या बाजूला ठेवा, वर दोन-तीन चिरा द्या, नाहीतर बाजूने फुटतो. काचेच्या भांड्यात भाजू नका, पातळ धातूचा ट्रे घ्या, तोही ओव्हनमध्येच तापलेला असला तर तळ ओला राहत नाही. साधारण पंचवीस मिनिटं, पण रंगावर जाऊ नका, थर्मामीटर असेल तर मध्यभागी पोर्क-मटणाला 71 आणि चिकनला 74 डिग्री बघा.

एका देशाची कृती आणि दुसऱ्याचं पीठ, हा घोळ पण खूप होतो. हॉलंडमध्येच सॉसेज रोलचे दोन प्रकार आहेत, एक पफचा आणि एक दक्षिणेकडच्या ब्राबांत प्रांताचा, जो दूध-बटरच्या यीस्टच्या पिठात असतो, मऊ पावासारखा (तो 2016 पासून त्यांच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे!). त्याला पफ लावून उपयोग नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पेस्टीचं, म्हणजे मोठ्या तिखट करंजीचं, पीठ पफसारखं नाजूक नको, जरा मळून चिवट केलेलं लागतं, कारण ती हातात धरून खायची. तिच्यात बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमसारखा कंद कच्चाच कापून भरतात, 2011 पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. त्यात गाजर घातलंत तर कॉर्नवॉलची माणसं तोंड वाकडं करतात. बटाटा जाड कापलात तर मात्र कच्चा राहणार, पातळ चकत्या करा.

अर्जेंटिनाच्या एम्पानाडात, म्हणजे तिथल्या तिखट करंजीत, उलटं, सारण शिजवून पूर्ण गार करून भरतात. गरम भरलं की पीठ फाटलंच. बोलिव्हियाची साल्तेन्या, म्हणजे एम्पानाडाचाच तिथला प्रकार, तर रश्शाची असते, आणि रस्सा गळत कसा नाही? तो जिलेटिन घालून फ्रिजमध्ये थिजवतात, थिजलेलाच भरतात, ओव्हनमध्ये परत पातळ होतो. भारी युक्ती आहे.

गोव्याचा चोरिस, म्हणजे तिथला मसालेदार पोर्क सॉसेज, पफमध्ये भरायचा मोह होतोच. तो खारट, आंबट आणि चरबीने भरलेला, थेट भरलात तर लाल तेल सगळीकडे. आधी मंद आचेवर शिजवा, तेल काढून टाका, उकडलेला बटाटा कुस्करून मिसळा, गार करा, वरून मीठ अजिबात नको.

उरलेले रोल मायक्रोवेव्हमध्ये नका टाकू, चिवट होतात. 180 डिग्रीला दहा-बारा मिनिटं, आतपर्यंत कढत व्हायला हवेत. आणि दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेले खाऊ नका. पार्टीसाठी आदल्या दिवशी करायचे असतील तर न भाजताच फ्रीझ करा आणि तसेच गोठलेले ओव्हनमध्ये घाला, फक्त आठ-दहा मिनिटं जास्त द्या.