मिरामारचं सायन्स सेंटर बघायला जाताय? घरचा एक प्रश्न सोबत न्या

बेळगावातनं चोर्ला घाटानं पणजी एका दिवसात होतंय, पोरांना मिरामारचं गोवा सायन्स सेंटर दाखवाच, खरं जाताना घरात अडलेला एक निर्णय वहीत लिहून न्या. आमचा होता, बोअरच्या पाण्याला आरओ घ्यायचा की नको.

तिथं घाई करू नका, पोरांना बटणं दाबू देत, आणि प्रत्येक मॉडेलपाशी एवढंच विचारा की हे मोजतात कसं आणि यात काय मोजलेलं नाही. हा प्रश्न घरी लई कामाला येतो. आता बघा, आरओ विकणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, तो विरघळलेल्या क्षारांचा, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत भारतीय मानकात चालतंय, पण जंतू त्यात दिसतच नाहीत, आणि उसाच्या रानाजवळ बोअर असली तर खतातलं नायट्रेट किती तेही वेगळं कळत नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि उकळून ते जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं.

म्हणून आधी लॅबमध्ये पाणी तपासून घ्या. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडनंच घ्या, नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग भरा. नायट्रेट जास्त आलं तर आरओ, नुसते जंतू असले तर उकळणं पुरतं. घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटचं पहिलं बघा.