जुने सिमेंटचे पत्रे उतरवताना घ्यायची काळजी

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या शेडचे पत्रे बदलण्याची कामे निघतात. करड्या रंगाच्या या पन्हळी पत्र्यांना सगळेच ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतात, त्यामुळे त्यांत ॲस्बेस्टॉस हे बारीक तंतूंचे, आरोग्याला घातक खनिज असू शकते ही गोष्ट ते उतरवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या (अशा पत्र्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रकाराच्या) वापरावर सरसकट बंदी नाही. म्हणून पत्रा नवा आहे एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. तंतू आहेत की नाहीत हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. तपासणी झाली नसेल, तर ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच काम करावे.

पत्रा अखंड असेल तर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले राहतात आणि खाली बसणाऱ्याला फारसा धोका नसतो. तो फोडला, कापला किंवा घासला की तंतू हवेत मिसळतात आणि फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. ॲस्बेस्टॉसिस (फुफ्फुसात व्रण पडून ते ताठर होणे), फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे त्यातून होणारे आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतात. तोवर ते काम कोणत्या साइटवर केले होते हेही माणूस विसरलेला असतो. बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरचे ॲस्बेस्टॉसचे जुने आवरण तर हाताने चुरगळते, म्हणून ते पत्र्यांहून कितीतरी घातक. दारुखाना किंवा अलंग येथे जहाजे तोडणारे कामगार आणि जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेच्या दाबाने उडवणारे मेकॅनिकही याच धोक्यात असतात.

आता प्रत्यक्ष काम. पहिली भीती धुळीची नव्हे, पडण्याची आहे. जुना पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. त्यावर थेट पाय न देता फळ्या टाकाव्यात आणि सुरक्षा पट्टा बांधूनच चढावे. त्यानंतर पत्रा पाण्याने भिजवावा. पाण्यात थोडा साबण घातला की ते चांगले मुरते, मात्र जोराचा फवारा मारू नये. हुक बोल्टचे गंजलेले नट फिरत नाहीत आणि हात आपोआप हातोड्याकडे जातो; तिथेच थांबावे. बोल्ट कटरने कापावा, पत्र्यावर ग्राइंडर चालवू नये. सुटलेला पत्रा वरून फेकू नये, दोघांनी धरून अखंड खाली उतरवावा.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे कुचकामी आहे. सूक्ष्म कणांसाठीचा पी१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी वाढलेली असेल तर फटीतून धूळ आत शिरते. जागा कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. ते झटकून धुणाऱ्या घरच्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात टाकण्याची किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर घालण्याची आपली सवय मोडायला हवी. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असे ठळक लिहावे आणि धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे देण्याची सोय आधीच ठरवावी. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत.

ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणाऱ्याने विडी-सिगारेट सोडावी, कारण दोन्ही एकत्र आले की कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील मालकांना कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्यास सांगितले. नाक्यावरून रोजंदारीवर जाणाऱ्याची नोंद कोणीच ठेवत नाही. त्याने स्वतःच्या वहीत वर्ष, ठिकाण आणि कामाचे स्वरूप लिहून ठेवावे, आणि पुढे कधी दम लागू लागला तर ती वही डॉक्टरांपुढे उघडावी.