सगळं हातातून सुटतंय असं वाटतं तेव्हा विठोबावर विश्वास कसा ठेवायचा

ह्यांना फेब्रुवारी २०२० मध्ये लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि आम्ही हॉस्पिटलमधून घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले तोच लॉकडाऊन लागला. दुकानाचं शटर खाली, फिजिओथेरपीवाला यायचा बंद, कर्जाचा हप्ता मात्र चालू. जो फोन करायचा तो एकच सांगायचा, देवावर विश्वास ठेव. अहो ठेवते, पण म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कुणीच सांगेना. ते मला जसं जसं कळत गेलं तसं इथे लिहितेय, ज्यांच्यावर आत्ता अशी वेळ आलीय त्यांच्यासाठी.

मला वाट दाखवली तुकोबांनी. त्यांचा एक अभंग आहे, 'याति शूद्र वैश्य केला वेवसाव', संतांनी विचारलं म्हणून त्यांनी स्वतःची हकिकत सांगितलीय त्यात. आईवडील गेले, १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पैसा आटला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला, लाज वाटायला लागली. एवढं सगळं सरळ सांगून टाकतात, काही झाकत नाहीत. आणि पुढे मग आपण काय काय केलं ते क्रमाने सांगतात. मी लहानपणापासून हा अभंग ऐकलेला, पण त्या एप्रिलमध्ये रात्री ह्यांच्या कॉटजवळ बसून वाचला तेव्हा वाटलं, अरे ही तर कृती लिहून दिलीय आपल्याला.

पहिलं त्यांनी काय केलं? देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं ते दुरुस्त करायला घेतलं. म्हणजे दुष्काळ त्यांच्या हातात नव्हता, गेलेली माणसं परत येणार नव्हती, पण समोरची पडकी भिंत हातात होती. तुम्ही पण इथूनच सुरू करा. आमचा देवघराचा कोपरा दीड महिना तसाच पडला होता, वाळलेली फुलं, तेलाचे डाग, मी तो घासून पुसून काढला, मग त्याच दिवशी ह्यांच्या गोळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला, मग एका वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे माझ्या हातातलं आणि उजवीकडे विठोबाच्या. ह्यांचा हात कधी हलेल ते उजवीकडे. हाताला रोज दोनदा व्यायाम देणं डावीकडे. कर्ज मी आधी उजवीकडे लिहिलं होतं, पण ते चुकीचं होतं, कारण तेव्हा रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती आणि त्यासाठी बँकेत फोन करणं माझंच काम होतं. केला फोन, ऑगस्टपर्यंत हप्ते थांबले, व्याज चढलं पण श्वास घेता आला. डावीकडचं काम उजवीकडे सरकवून दिलं की मग देव ऐकत नाही असं वाटायला लागतं, एवढं लक्षात ठेवा. वही महिन्यातून एकदा परत बघायची, काही गोष्टी इकडच्या तिकडे होतात.

दुसरं, एकादशीचं कीर्तन. यात माझ्यासाठी सगळ्यात मोलाची ओळ आहे, 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. साक्षात तुकोबा म्हणतात की सुरुवातीला माझं चित्त त्यात नव्हतं! आपण उलटं धरून बसतो, आधी मनात भरवसा येऊदे मग हात जोडते, आणि तो येतच नाही, मग अपराधी वाटतं. मन येवो न येवो, वेळ ठरवा आणि बसा. मी संध्याकाळी सातला दिवा लावून हरिपाठ म्हणायचे, पूर्ण व्हायचाच असं नाही, कधी दोन अभंग झाले की ह्यांना उचलायला जावं लागायचं. चालतं. 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी', ज्ञानोबांनी तरी क्षणभरच मागितलंय की. पहिले काही आठवडे काहीही वाटलं नाही, कोरडं. मग कधीतरी असं झालं की पावणेसात वाजले की जीव थोडा निवायला लागायचा, कधीपासून ते मला सांगता येणार नाही.

तिसरं पाठांतर. दोनचार ओळी तोंडपाठ करा, फोनवर ठेवू नका, कारण रात्री तीनला डोळे उघडतात तेव्हा फोन हातात घेतला की माणूस आजाराचीच माहिती शोधत बसतो आणि सकाळपर्यंत अर्धमेला होतो.

चौथं मात्र नीट वाचा, कारण एकट्याने हे जमत नाही. तुकोबा सांगतात, पुढे जे गात होते त्यांचं ध्रुपद मी धरलं. म्हणजे मागे उभं राहून फक्त पालुपद म्हटलं, एवढंच. माझ्या माहेरी गावात अखंड हरिनाम सप्ताह व्हायचा, सात दिवस रात्रंदिवस वीणा चालू, ती खाली म्हणून टेकवायची नाही, एकाचा पहारा संपला की दुसरा गळ्यात घेतो, रात्री दोनचा पहारासुद्धा कुणीतरी घेतोच. ज्याचा पहारा नाही तो झोपतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. मला वाटतं विश्वासाचंही तसंच आहे, तो चोवीस तास आपल्याच गळ्यात असायला पाहिजे असं कुठे आहे. माझ्याने होईना तेव्हा मी नणंदेला फोन करून सांगितलं, वन्सं आठ दिवस माझ्याकडून काही होणार नाही, तुम्ही आमच्यासाठी म्हणा. त्या रोज रात्री फोन स्पीकरवर ठेवून हरिपाठ म्हणायच्या, मी ह्यांचे पाय चोळत नुसती 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचे. असं एक माणूस शोधा. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असं मोघम नको, वेळ आणि दिवस ठरवून मागा.

त्या वर्षी वारीसुद्धा पायी निघाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी झाली. सासूबाई टीव्हीसमोर बसून रडत होत्या. पण मला त्या एसटीकडे बघून धीर आला, शेकडो वर्षांची पायी वाट बंद झाली तर बसने गेले पण गेले, नेम सोडला नाही, नुसतं रूप बदललं.

आता भांडणाबद्दल. देवावर राग आला म्हणजे विश्वास गेला असं समजू नका. जनाबाईंनी त्याला 'अरे विठ्या विठ्या' म्हणून शिव्या घातल्यात, आणि त्या आपण टाळ वाजवून गातो. मी पण मोठ्याने बोलले आहे, स्वयंपाकघराचं दार लावून, की माझं काय चुकलं होतं रे. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस भांडतं. फक्त भांडून झालं की सातचा दिवा लावायचा.

काही गोष्टी करू नका. 'मागच्या जन्मीचं पाप' म्हणणाऱ्यांचं ऐकून घेऊ नका, तुकोबांच्या घरावर काय काय आलं ते आठवा आणि विषय बदला. मोठ्या रकमेचा नवस बोलू नका. अंगारा देतो, औषधं बंद कर म्हणणाऱ्याला दाराबाहेरच ठेवा. आणि जगणंच नको असं वाटायला लागलं तर ते घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा, सरकारची टेली मानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणं हे वहीच्या डावीकडचं काम आहे.

जरा उभं राहता आलं की दुसऱ्या कुणासाठी थोडं करा, तुकोबांनीही शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला म्हटलंय. आमच्या गल्लीत एक आजी एकट्या होत्या, मी दोन पोळ्या जास्त लाटायचे, बस.

आणि नेम मोडेल. माझा तर कितीदा मोडला, एकदा सलग अकरा दिवस दिवा लागला नाही, ह्यांना फिट आली होती तेव्हा. राहिलेले हरिपाठ भरून काढायच्या नादाला लागू नका, तो हप्ता नाहीये. बाराव्या दिवशी वात वळा, सात वाजू द्या, आणि पहिल्या ओळीपासून म्हणायला घ्या.