सायकलवर तुमची जोराची वेळ कोणती? ती अशी शोधा आणि वापरा

आपल्याकडे सायकल चालवणारे बहुतेक जण पहाटेच बाहेर पडतात. रस्ता मोकळा मिळतो, ऊन नसतं आणि नऊच्या आत घरी परतता येतं. शरीर मात्र त्या वेळी पूर्ण जोरात आलेलं नसतं. आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं, दिवसभर चढत जातं आणि साधारण संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत वर पोचतं. फरक जेमतेम एखाद्या अंशाचा असतो, तरी गरम स्नायू जास्त जोर लावतात. छोट्या, जोरकस चढांवर हा फरक काही टक्क्यांचा असू शकतो. लांबच्या संथ राईडमध्ये तो फारसा जाणवत नाही.

१. आधी स्वतःचा फरक मोजा. सपाट रस्त्यावरच्या वेगावर विसंबू नका. पहाटे वारा पडलेला असतो, दुपारनंतर तो उठतो, आणि कोकणपट्टीत तर समुद्राकडून चांगलाच येतो. म्हणून संध्याकाळी पाय जास्त जोर लावत असूनही वेग कमी दिसू शकतो. घाटातला एखादा ठरलेला चढ किंवा घरातला ट्रेनर (सायकल जागेवरच बसवून चालवायचा स्टँड) घ्या. वीस मिनिटं जमेल तितक्या जोरात, एकदा सकाळी आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर एकदा संध्याकाळी. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा करा. झोप आणि जेवण शक्य तितकं सारखं ठेवा. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर वॅट लिहून ठेवा, नसेल तर चढाला लागलेला वेळ. नुसत्या हार्ट रेटवरून निकाल लावू नका, कारण तेवढ्याच मेहनतीला सकाळी ठोके थोडे कमीच पडतात.

आकडे वाचताना स्वतःचा स्वभावही बघा. सुटीच्या दिवशी गजराशिवाय साडेपाचला जाग येणाऱ्याची जोराची वेळ दुपारीच येऊन जाते; नऊला उठणाऱ्याची रात्रीकडे सरकते.

२. सकाळी वॉर्म-अपला वेळ द्या. माझ्या मते सर्वांत जास्त फायदा इथेच मिळतो, आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात. आधी दहा-बारा मिनिटं हलक्या गिअरवर भरभर पेडल. मग एकेक मिनिटाचे तीन जोर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा जास्त, मध्ये दोन-दोन मिनिटं सैल. शेवटी चार-पाच मिनिटं चढाच्या वेगाच्या जवळ. संध्याकाळी यातलं अर्धं केलं तरी पुरतं. निघण्याच्या पाऊण तास आधी घेतलेली कॉफी सकाळची कसर बरीच भरून काढते. तीच कॉफी संध्याकाळी घेतली तर रात्रीची झोप जाते आणि दुसरी सकाळ वाया जाते.

३. सराव स्पर्धेच्या वेळेला करा. ज्या वेळी रोज सराव होतो त्या वेळेला शरीर सरावतं, आणि सकाळ-संध्याकाळमधला फरक काही आठवड्यांत कमी होतो. स्पर्धा सकाळी सहाला असेल, तर आठवड्यातल्या निदान दोन जोरकस राईड त्याच वेळी ठेवा. संध्याकाळचे आकडे बघून स्पर्धेचा वेग ठरवू नका.

४. उन्हापुढे घड्याळाचा हिशोब सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात संध्याकाळी पाचलाही डांबर तापलेलंच असतं. शरीर त्या वेळी आधीच गरम असतं, त्यात आणखी उष्णता सोसायला जागा उरत नाही. अशा दिवसांत पहाटच निवडा.

५. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, रात्रीचा बेत आधी आखा. २०० किलोमीटरला १३.५ तास मिळतात, तेव्हा पहाटे निघालेला रायडर उजेड संपेपर्यंत पोचू शकतो. ६०० किलोमीटरच्या ४० तासांत मात्र रात्र येतेच. रात्री दोन ते पाच या वेळेत वेग पडणार हे गृहीत धरा आणि उजेडातच हाती थोडा वेळ राखून ठेवा. जमल्यास त्या पट्ट्याच्या आधीच दीड तास झोपा. तेवढा वेळ नसेल तर वीस मिनिटं. दुपारी दोन-तीनलाही अशीच एक झापड येते, म्हणून तेव्हा भरपेट थाळी टाळून थोडं थोडं खा. पहाटे रेषा सोडून सायकल भरकटू लागली, तर पुढच्या कंट्रोलची (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणाची) वाट न बघता पेट्रोल पंपावर किंवा उजेड असलेल्या ढाब्यावर उतरा आणि गजर लावून झोपा.