व्हेनिसमध्ये आधी मासळी बाजार, मग बाकीचं

मी पाडोव्यात राहते. तिथून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर, त्यामुळे गावाकडून कुणी आलं की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडेच. पहिल्या पाहुण्यांना मी थेट सान मार्को चौकात नेलं, उन्हात रांगेत उभं केलं आणि गार पिझ्झा खाऊन परत आणलं. वेंगुर्ल्याहून सासूबाई आल्या तोवर जरा शहाणपण आलं होतं.

मंगळवार ते शनिवारमधला दिवस धरा. रविवार-सोमवार मासळी बाजार बंद असतो. नऊच्या आत सांता लुचिया स्टेशनात उतरा आणि डावीकडे वळून चालत राहा. स्त्रादा नोव्हा या रुंद रस्त्यावर सांता सोफिया नावाचा छोटा चौक लागतो. तिथून कालव्यापलीकडे त्रागेत्तो जाते. ही गोंडोलाच, पण आपल्याकडच्या तरीच्या होडीसारखी नुसती पलीकडे सोडणारी. परक्यांना दोन युरो पडतात. बरेच जण उभ्यानेच जातात; सासूबाई मात्र पदर खोचून बसल्या. गोंडोलाच्या सफरीला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात.

उतरलात की समोर रियाल्तो भागातली पेस्केरिया, म्हणजे मासळी बाजार. कमानींची ही इमारत 1907 सालची. बर्फावर माकूळ, लेपा, तिसऱ्या, शेपटी आपटणारी कोळंबीची चुलत भावंडं. सासूबाई थबकल्या, "अगो, ही तर आमची तारली!" म्हणाल्या आणि कल्ले उघडून बघायला हात घातला. मासेवाला केवढ्याने ओरडला! इथे माल हाताळायचा नाही. मासळी असो की टोमॅटो, बोट दाखवायचं आणि तो देईल ते घ्यायचं. ताजेपणा पाटीवर वाचायचा. 'नोस्त्रानो' म्हणजे इथलंच, 'पेस्काटो' म्हणजे पकडलेलं, 'आलेव्हाटो' म्हणजे पाळलेलं आणि 'देकोन्जेलाटो' म्हणजे बर्फातून काढलेलं. बाजाराच्या भिंतीवर एक जुना संगमरवरी फलक आहे, तोही शोधा. कुठला मासा किती लांबीच्या आत विकायचा नाही, हे त्यावर कोरलंय. कालव 5 सेंटिमीटर, शिनाणी 3. मी अर्थ सांगितला तर सासूबाई म्हणाल्या, "हा दगड आमच्या बंदरावर लावा."

शेजारीच भाजीबाजार. वसंतात सांत एरास्मो बेटावरचे जांभळे आर्टिचोक, म्हणजे कळीची एक भाजी, येतात. त्याच सुमारास, आणि परत शरदात, 'मोएके' मिळतात: नुकतीच कात टाकलेली मऊ चिंबोरी, कवचासकट तळून खायची. हंगाम असला तर सोडू नका.

अकराच्या सुमारास भूक लागते. बाजारामागच्या गल्ल्यांत 'बाकारो' शोधा. बाकारो म्हणजे काउंटरवर उभ्याने खायचा गुत्ता, पण चांगल्या अर्थाने. काचेत 'चिकेत्ती' मांडलेले असतात: पावाच्या चकतीवर काहीबाही, किंवा काडीला टोचलेला एखादा घास. एकेक घ्या, आवडला तर दुसरा, नाहीतर पुढच्या बाकारोत जा. बसलात तर बऱ्याच ठिकाणी माणशी 'कोपेर्तो' लागतो, म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे. वाइनच्या छोट्या पेल्याला इथे 'ओंब्रा' म्हणतात, म्हणजे सावली.

दोन चिकेत्ती चुकवायचे नाहीत. पहिला 'सार्दे इन साओर': तळलेली तारली, भरपूर कांदा, व्हिनेगर, मनुका, चिलगोजे. खलाशांसाठी टिकवलेला हा मासा आंबटगोड लागतो आणि मुरल्यावरच खरा रंगतो. दुसरा 'बाकाला मान्तेकातो': सुकवलेला कॉड भिजवून, शिजवून, तेल घालत लोण्यासारखा घोटलेला. हा सुका मासा थेट नॉर्वेचा. 1432 च्या सुमारास पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून तिथल्या लोफोटेन बेटांवर अडकला आणि परतताना हा मासा सोबत घेऊन आला, असं सांगतात. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला याचा वास खटकत नाही.

शाकाहारी असाल तर सावध. 'बीगोली इन साल्सा' साधी शेवई दिसते, पण सॉसमध्ये अँकोव्ही मासा विरघळलेला असतो. मटाराच्या भातातही बहुधा पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं मांस. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, हे पाठ करा आणि आर्टिचोकचे बुंधे, चीज यांवर ताव मारा.

खाणं हातात घेऊन पुलाच्या पायऱ्यांवर बसू नका, दंड होतो. पाण्याची बाटली मात्र चौकातल्या नळावर खुशाल भरा.

दुपारी नकाशा खिशात ठेवून कानारेजो किंवा दोर्सोदुरो या वस्त्यांत भटका. सान बार्नाबापाशी कालव्यात उभ्या नावेवर भाजीचं दुकान आहे. वाट चुकलात तर भिंतींवर 'पेर रियाल्तो', म्हणजे रियाल्तोकडे, असं लिहिलेलं दिसेल, बाणामागे जा. कधीकधी एकाच भिंतीवर दोन्ही दिशांना बाण असतात. तेव्हा जिकडून तळणीचा वास येतो तिकडे वळावं, असा सासूबाईंचा नियम आहे, आणि त्या दिवशी तरी तो चुकला नाही.