नवी पेठेखालून पाइप ढकलताना

डिप्लोमा करून पाइप पुशिंगच्या साइटवर येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, रस्ता फोडायचा नाही म्हणजे खोदकामच नाही. खोदावं लागतं, पण दोनच जागी. एका खड्ड्यातून जॅकने पाइप ढकलायचा, दुसऱ्यात तो बाहेर येतो. मधला रस्ता चालू राहतो.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या ड्रेनेज लाइनच्या कामावर माझे पहिले दहा दिवस ट्रायल पिट, म्हणजे जमिनीखाली आधीच काय आहे ते बघायचे छोटे खड्डे, घेण्यातच गेले. शेवटचा अर्धा फूट पहार न लावता खुरप्याने उकरायचा. नकाशात नसलेली बिडाची जुनी पाण्याची लाइन अशीच सापडली. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ती लाइन फुटली असती तर दोन गल्ल्या पुढच्या पाळीपर्यंत कोरड्या राहिल्या असत्या. म्हणून सांगते, मशीन नंतर शिका, आधी ट्रायल पिट शिका.

दुसरी गोष्ट लेव्हल. ड्रेनेजचं पाणी उतारानेच वाहतं. 1:200 चा उतार म्हणजे 50 मीटरला जेमतेम 25 सेंटिमीटर. मध्ये कुठे पाइप खाली बसला की गाळ तिथेच साचणार. लेसर असला तरी प्रत्येक पाइपमागे इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, स्वतः घ्या, वहीत लिहा. पुढच्या पाइपचं तोंड भरकटलं तर हळूहळू वळवा. एकदम वळवलं की सांधा उघडतो.

आणि आपली काळी माती! एका संध्याकाळी डिझेल आलं नाही, काम रात्रभर थांबलं. आदल्या दिवशी जॅकच्या 90 बार दाबाला सरकणारा पाइप सकाळी 160 बारलाही हलेना. "पकडलं, मॅडम," एवढंच ऑपरेटर म्हणाला. पाइपभोवती बेंटोनाइट मातीचा निसरडा चिखल सोडत, थांबत थांबत दाब देत राहिलो. दुपारी एक करकर ऐकू आली आणि पाइप बोटभर सरकला. तेव्हापासून ढकलणं सुरू करण्याआधी डिझेलचा साठा मी स्वतः बघते.

जुन्या चेंबरला जोडणी करताना मात्र कुणाचीही घाई ऐकू नका. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं नसतं. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाकाला वास कळेनासा होतो. गॅस मीटर दोरीने खाली सोडा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कुणालाही उतरू देऊ नका. आमच्या चेंबरवर मीटर दोनदा वाजला. ब्लोअर लावून आम्ही तासभर काठावर बसलो, पुन्हा मीटर सोडला, आणि तो गप्प राहिल्यावरच मिस्त्री हार्नेस बांधून उतरले.