जॅकपॉटची शक्यता काढताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या पॉवरबॉल या लॉटरीचंच गणित घेऊ, कारण त्यात चुकायला भरपूर वाव आहे. ६९ पांढऱ्या चेंडूंतून ५ निघतात आणि वेगळ्या यंत्रातून २६ लाल चेंडूंपैकी १. सगळे जुळले की जॅकपॉट. ऑक्टोबर २०१५ पासूनच्या या नियमांप्रमाणे शक्यता २९,२२,०१,३३८ मध्ये १ आहे. तुमचं उत्तर वेगळं आलं असेल तर लगेच खोडू नका. कुठे घसरलात ते बहुतेक वेळा त्या आकड्यावरूनच कळतं.

साडेतीन हजार कोटींच्या घरात आलं? ६९×६८×६७×६६×६५ करून तुम्ही तिथेच थांबलात आणि २६ ने गुणलंत. पांढऱ्या चेंडूंचा क्रम इथे बघतच नाहीत, म्हणून १२० ने (५×४×३×२×१) भागायला हवं. त्यातून पांढऱ्यांचे १,१२,३८,५१३ संच येतात, मग २६ ने गुणायचं. एक्सेलमध्ये परम्युट (PERMUT, क्रमासकट मोजणारं सूत्र) ऐवजी कॉम्बिन (COMBIN, क्रम न बघणारं) वापरा.

११,९८,७७,४७२ आलं? सहाही चेंडू एकाच यंत्रातले धरलेत. नियम नीट न वाचल्याचा हा प्रकार.

१,१२,३८,५३९ आलं? २६ ने गुणायच्या जागी २६ मिळवलेत.

शंका असेल तर खेळ छोटा करून बघा. ४ पांढऱ्यांतून २ निवडायचे: १-२, १-३, १-४, २-३, २-४, ३-४. झाल्या सहा जोड्या. लाल ३ असतील तर प्रत्येक जोडीबरोबर तीन पर्याय, म्हणजे १८. तुमच्या पद्धतीने ३६ किंवा ९ येत असतील तर मोठ्या आकड्यांकडे जाऊच नका.

खरी गंमत लहान बक्षिसांत आहे. फक्त लाल चेंडू जुळल्याचं बक्षीस २६ मध्ये १ मिळायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण ‘फक्त’ म्हणजे पाचही पांढरे चुकलेले असायला हवेत. तसे संच (उरलेल्या ६४ पांढऱ्यांतून ५) ७६,२४,५१२. त्यांना १,१२,३८,५१३ ने भागून पुन्हा २६ ने भागलं की साधारण ३८.३ मध्ये १ येतं. लाल जुळला आणि एखादा पांढराही जुळला, तर तो वेगळ्या बक्षिसात मोजला जातो.

एक्सेलच्या सेलमध्ये ०.०० दिसतंय? सूत्र चुकलेलं नाही, दशांश स्थळं कमी पडताहेत. १ ला भागण्यापेक्षा ‘इतक्यांत १’ असंच लिहा.

‘जितक्यांत १ शक्यता, तितक्या सोडतींत एकेक तिकीट काढलं तर एकदा लागणारच’ हे तर हमखास ऐकू येतं. एकाच सोडतीची दोन वेगळी तिकिटं घेतली तर शक्यता नेमकी दुप्पट होते, हे खरं. वेगवेगळ्या सोडतींत मात्र सरळ बेरीज चालत नाही. २९,२२,०१,३३८ सोडती खेळूनही एकदा तरी लागण्याची शक्यता जेमतेम ६३ टक्के.

मागच्या वेळचे आकडे वगळायचीही गरज नाही. बल्गेरियात सप्टेंबर २००९ मध्ये ४, १५, २३, २४, ३५, ४२ हेच सहा आकडे लागोपाठच्या दोन सोडतींत निघाले. दुसऱ्या वेळी ते १८ जणांनी लावले होते. आकडे लागण्याची शक्यता सगळ्यांची सारखीच, पण अनेकांनी तेच लावले तर जॅकपॉटचे वाटेकरी वाढतात.

आणि यातलं काहीही महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या छापील तिकिटाला लावू नका. तिथे आकडे आपण निवडत नाही, मालिका आणि क्रमांक आधीच छापलेले असतात. सोडतीत एकूण किती तिकिटं आहेत आणि पहिली बक्षिसं किती, एवढंच बघून भागाकार करायचा.